पिवळा शर्ट म्हणजे भीती

२ जुलै, बुधवार

आज परत चेहरे. समुपदेशनवाल्या मॅडमनं (इथून पुढं मॅ.) टेबलावर फोटो मांडले. एकेक उचलायचा अन् सांगायचं, ह्या माणसाला काय वाटून राह्यलं. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. सहाच. सातवं काही वाटत असलं तर त्याची सोय न्हाई.

हसरे बराबर सांगितले. रडके बी. बाकीचे सगळे राग.

मॅ. म्हणल्या, "रामेश्वर, नीट बघ. घाई नाही." नीटच बघत होतो. डोळे वटारलेले, दात दिसून राह्यले. राग न्हाई तर काय, आरती करून राह्यला का तो? मॅ.नं पेन्सिलनं कागदावर खूण केली. त्या पेन्सिलचा आवाज आला की मी मान लांब करून कागदाकडं बघतो.

"चुकलं का?"

"चूक-बरोबर असं काही नसतं यात."

मंग पेन्सिल कशाला लागती?

त्यांचा रिपोर्ट बोर्डासमोर जाणार. बोर्ड म्हणजे आमचं, अठराच्या आतल्यांचं कोर्ट. रिपोर्ट चांगला गेला तर जामीन, घर. न्हाई तर इथंच, जालन्यात, निरीक्षणगृहाच्या ह्या कंपाउंडात. जामीन एकदा नाकारून झालाय.

३ जुलै, गुरुवार

काका अन् वकील साहेब आल्ते. परत तेच पाठ करून घेतलं. "तो अंगावर आला. रागानं बघत होता. मी घाबरलो अन् हातात होतं ते फेकलं." मी म्हणलो, पाठ काय करायचं, झालंच तसं. वकील म्हणले, झालं तसं सांगायला बी पाठ करावं लागतं.

झालं ते असं. राजूरला गणपतीच्या रस्त्यावर काकाचं नारळ-हाराचं दुकान. चिकटून पवनच्या वडलांचं. दोघांच्या मधली एक फरशी, तिच्यावरून दोन वर्षं भांडण. चतुर्थीला मी पिंपळगावहून मदतीला जातो, पवन त्याच्या वडलांच्या मदतीला. कॉलेजात आमी एका बाकावर. पण चतुर्थीला बोलायचं न्हाई, घरचे बघतात. त्या दिवशी गर्दीत काका आतून वरडला, "राम्या, त्यांचं क्रेट बघ कुठं आलंय!" मी बघितलं. क्रेट फरशीवर, पवन क्रेटजवळ. मी म्हणलो उचल. त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे, दात बाहेर. रागानं अंगावरच आला, वरून हसून राह्यला होता माझ्यावर. सगळ्यांसमोर. नारळ हातात होता, सोललेला.

कानापाशी लागला. हाड मोडलं आतून.

पुढचं लिहीत न्हाई.

५ जुलै, शनिवार

सोन्यानं मार्ग सांगितला. सोन्या अंबडचा, माझ्या बाजूच्या कॉटवर. मोटारसायकलींच्या चोरीपायी तिसऱ्यांदा आलाय अन् पाहुण्याकडं आल्यासारखा राहतो. त्याला म्हणलो, मला ते फोटो जमून न्हाई राह्यले. हसला पोट धरून.

"अय येड्या, तोंडाकडं बघतो का तू? तोंडाकडं कोण बघतं? कपडे बघ! पिवळा शर्ट, भीती. टकला, राग. कानात बाळीवाली, किळस. जिच्या मागं खिडकी हाय ती बाई, आश्चर्य. फोटो तेच राहतात. मी पहिल्यांदा आल्तो तवाबी तेच होते. शर्ट मळला पण बदलला न्हाई बिचाऱ्यानं."

"अन् मॅडमला कळलं तर?"

"मॅडमला काय कळायचं, त्या माझ्या तोंडाकडं बघतात."

८ जुलै, मंगळवार

पाठ करून राह्यलो. जेवताना सोन्या मधीच बोट दाखवून इचारतो, "निळी साडी, नथ?" मी म्हणतो, "दुःख." "दाढी, चौकड्याचा शर्ट?" "राग." "अन् वाढून राह्यले ते मामा?" मामा (इथल्या शिपायाला मामाच म्हणतात) म्हणले, "मी वरण. गप गिळा."

लई दिवसांनी हसलो. मंग एकदम बंद झालं हसू. हॉलच्या दाराला बाहेरून कडी आहे. ती लागते तवा कोणीच काही बोलत न्हाई, सोन्या बी न्हाई. आपण आतून काहीच लावू शकत न्हाई इथं. संडासाला बी न्हाई. घरी बापू, माझे वडील, मला दार लाव, दार लाव म्हणून कावायचे, मी उघडं टाकून जायचो. आता एक दार मला लावायला द्या कोणीतरी.

९ जुलै, बुधवार

सगळे बराबर!

टकला राग, बाळी किळस, पिवळा शर्ट भीती. एक-दोनदा मुद्दाम थांबलो, विचार करून राह्यलो असं दाखवलं. सोन्यानंच सांगितल्तं, फडाफडा बोलू नको म्हणून.

मॅ. लई खुश. (खुश म्हणजे दात दिसले अन् डोळे बारीक झाले. कपड्यांवरून न्हाई सांगता येत, रोज वेगळी ओढणी असती.) म्हणल्या, "केवढी सुधारणा आहे रामेश्वर. मी तसं लिहीन."

सोन्याला माझ्या वाटणीचा शिरा दिला.

१२ जुलै, शनिवार

आई आल्ती, काका संग. भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी आणल्ती, ती गेटवरच ठेवून घेतली, बाहेरचं चालत न्हाई. बाकावर समोरासमोर बसलो. आई वाळलीय. इचारलं, बापू काहून न्हाई आले? काही बोलली न्हाई. परत इचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला. डोळे मोठे झाले. मला वाटलं, ही बी. हिला बी माझा राग येऊन राह्यला. मी म्हणलो, "तुला बी मीच नालायक दिसतो का? मंग कशाला आली? जा!" बाकावर हात आपटला. आई उठून भिंतीपाशी जाऊन उभी राह्यली. मामा आले, मला धरलं.

नंतर काकाला दोन मिनिटं बोलू दिलं. मी म्हणलो, आईला सांग रागावू नको.

काका म्हणला, "रागावली? अरे भ्याली ती तुला. थरथर कापून राह्यली बाहेर. बापूला परवा चक्कर आल्ती, ते तुला सांगावं का न्हाई ह्या विचारात होती, तर तू हात आपटला."

आई मला भ्याली. माझी आई मला भ्याली!

बापूला आता बरं आहे म्हणे. तरी.

१४ जुलै, सोमवार

संकष्ट चतुर्थी. राजूरला आज गर्दीतून रस्ता फुटत नसंल. काका एकटाच दुकानात.

परवापासून आईचं तोंड डोळ्यासमोरून जाऊन न्हाई राह्यलं. डोळे मोठे. मी त्याला राग म्हणलो. किती बराबर वाटलं म्हणताना. मला जरासुद्धा शंका आली न्हाई, तेच बेकार वाटून राह्यलं.

अन् मंग पवन.

त्याच्या जबाबात आहे, वकिलांनी वाचून दाखवलं होतं, "रामेश्वर आमच्याकडे बघून ओरडला तेव्हा मी घाबरून हसलो." तवा मी म्हणलो होतो, झूट बोलतो साला, घाबरून कोण हसतं?

पवन हसतो. अकरावीत सरांनी उभं केलं की दात काढायचा, अन् त्यापायी अजून मार खायचा. मीच म्हणायचो, अरे भीती वाटती तर तोंड तरी बंद ठेव. मीच म्हणायचो! बाजूला बसलो होतो तवा कळत होतं. समोर उभा राह्यला तवा न्हाई कळलं.

जेवलो न्हाई आज. सोन्यानं इचारलं काय झालं. उपास म्हणलो.

१७ जुलै, गुरुवार

वकील साहेब आल्ते. एकटेच. आल्या आल्या डाफरले.

"अरे गाढवा, सगळेच्या सगळे बरोबर कशाला सांगितले?"

मला वाटलं मजाक करून राह्यले. रिपोर्ट चांगला गेला ना, मी म्हणलो.

"लई चांगला गेला. 'मुलास इतरांच्या चेहऱ्यावरील भावना, विशेषतः भीती, उत्तम ओळखता येते.' आता समोरचे वकील काय म्हणतील सांग. ज्याला भीती एवढी उत्तम ओळखता येते, त्याला पवनच्या तोंडावरची नाही ओळखता आली? म्हणजे ओळखली. समोरचा भ्यालाय हे दिसत असताना मारला. तू म्हणतो तो अंगावर आला, रिपोर्ट म्हणतो तुला सगळं समजतं. झालं की वाटोळं."

 मंग सांगून टाकलं. पिवळा शर्ट, बाळी, टकला, सगळं. सोन्याचं नाव न घेता.

वकील साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणले, हे बाहेर कुठं बोलू नको. बोलला तर लबाड ठरशील, अन् लबाडाचं मंग पुढचं बी काही कोणी धरत न्हाई. म्हणजे ओळखता येतं म्हणलो तर जाणूनबुजून मारलं. येत न्हाई म्हणलो तर लबाड, अन् वरून घरी सोडायला धोक्याचा. दोन्हीकडून कडी बाहेरूनच.

जाता जाता म्हणले, "पवनचं अर्धं तोंड लुळं पडलंय. आतली शीर दबली. डॉक्टर म्हणतात हालचाल परत येईल, नाही तर नाही येणार. बोर्डासमोर तो येणार आहे, तुला आधीच सांगून ठेवतो."

हात धुतले. परत धुतले. नारळाचे केस हाताला चिकटतात तसं वाटून राह्यलं होतं.

१८ जुलै, शुक्रवार

मॅ.ला सांगितलं. वकील बोलू नको म्हणले होते, तरी सांगितलं. राहवलं न्हाई.

मॅ.नं पेन्सिल खाली ठेवली. ओठ मिटलेले, नाकाजवळ एक रेघ. मला वाटलं आता वरडतात. मंग आठवलं, आपल्याला वाटतं ते खरं धरायचं न्हाई. इचारलं, "मॅडम, तुमाला राग आला का?"

"थोडा. जास्त लाज वाटते आहे. इतकी वर्षं तेच फोटो वापरतेय मी."

लाज सहामध्ये न्हाई, मी म्हणलो. नाही ना, म्हणल्या.

मंग काळा जाड कागद घेतला. कात्रीनं मधी खिडकी पाडली. कागद फोटोवर ठेवला की शर्ट गायब, बाळी गायब, टक्कल गायब. नुसते डोळे अन् तोंड. म्हणल्या, सांग आता.

हसरे आले. रडके आले. मंग एक आला, मोठ्या डोळ्यांचा. मी म्हणलो राग. मंग म्हणलो थांबा. बघितलं. भुवया मधी वर गेल्यात का खाली, बघितलं. ओठ ताणलेत का दाबलेत, बघितलं. घाम फुटला. ह्या माणसाला मी कधी भेटलो न्हाई, भेटणार न्हाई, तरी वाटून राह्यलं की चुकलो तर याला लागंल.

"न्हाई कळत मॅडम. राग असंल न्हाई तर भीती."

त्यांनी कागद काढला. पिवळा शर्ट.

आयला, इतके दिवस हाच होता समोर, अन् मी त्याचं तोंड पहिल्यांदा बघितलं आज.

मॅ. म्हणल्या, "दुसरा रिपोर्ट पाठवता येईल मला. पण पहिला का चुकला ते लिहावं लागेल. त्यात तुझं फसवणं येईल, माझं फसणंही येईल. तुझ्या जामिनाचं काय होईल ते मी नाही सांगू शकत. तू सांग, पाठवू की नको. जबरदस्ती नाही."

इचार करतो म्हणलो.

२१ जुलै, सोमवार

इचार करून राह्यलो. दुसरं काही करताच येत न्हाई.

काकाचा फोन आल्ता ऑफिसात. "वकील म्हणतात तसं वाग. तुझी आई रडून रडून अर्धी झाली. एक शब्द इकडचा तिकडं करू नको, अन् घरी ये." बापू फोनवर आले. पहिल्यांदाच. म्हणले, "राम्या."  मंग म्हणले, "जेवण बराबर देतात ना?" हौ म्हणलो. आवाजावरून काय वाटून राह्यलं ते कसं ओळखायचं? तिथं तर तोंड बी न्हाई.

सोन्याला इचारलं, तू असता तर काय केलं असतं? म्हणला, "मी घरी गेलो असतो." मंग म्हणला, "मी दोनदा गेलो घरी असाच." भिंतीकडं तोंड करून झोपला. सोन्या कधी असं झोपत न्हाई.

मला घरी जायचंय. हे लिहून ठेवतो म्हणजे नंतर मोठेपणा करायला नको. मला फक्त घरी जायचंय. दुसऱ्या रिपोर्टची बिलकुल इच्छा न्हाई. पिंपळगावला देवीच्या पायरीवर बसायचंय, मक्यात फिरायचंय, आईनं कावावं अन् मी उलट बोलावं. त्याच्यापुढं पवन, मॅ., खरं-खोटं, काही नको.

२४ जुलै, गुरुवार

सोमवारी बोर्ड. वकील येऊन पाठ घेऊन गेले. आता नवीन पाठ. "तो अंगावर आला" हे ठेवायचं, "रागानं बघत होता" हे काढायचं. म्हणजे चेहऱ्याचा विषयच काढायचा न्हाई. मी म्हणलो, पण तो अंगावर आला न्हाई. तो जागेवरच होता. वकील म्हणले, "मग इतके दिवस काय सांगत होता?"

मला दिसलं होतं तसं. खरंच दिसलं होतं. आता डोळे मिटून बघतो तर पवन जागेवरच उभा. क्रेटच्या मागं. एक पाय उलट मागंच घेतलेला.

मॅ.नं आज इचारलं न्हाई. मी बी त्यांच्याकडं बघितलं न्हाई.

२८ जुलै, सोमवार

बोर्ड झालंच न्हाई. एक मेंबर आले न्हाईत, पुढची तारीख पडली. वकील म्हणले, बरं झालं, तेवढाच वेळ मिळाला. परत आल्यावर मी तडक मॅ.च्या खोलीत गेलो अन् म्हणलो, दुसरा रिपोर्ट पाठवा. मॅ. म्हणल्या, नक्की? वकिलांशी बोललास? न्हाई बोललो, म्हणलो, पाठवा जल्दी, न्हाई तर माझं मन बदलंल.

वकिलाला कळल्यावर तो केस सोडंल का धरंल, माहीत न्हाई. आईला काय सांगायचं ते बी माहीत न्हाई. भीती वाटून राह्यली. ही बराबर ओळखू येती, स्वतःची.

झालं काय, तिकडं बोर्डाच्या व्हरांड्यात आमाला थांबवून ठेवलं होतं. माझ्या संग साध्या कपड्यातले पोलीस, ते फोनवर. समोरच्या बाकावर पवन. त्याचे वडील पाणी आणायला गेल्ते.

त्यानं मान वर केली. मी बघितलं. उजवीकडून पवन, आमच्या बाकावरचा. डावीकडून काहीच न्हाई. गाल सपाट, ओठ खाली आलेला, भुवई पडलेली. उजवा ओठ वर गेला. हसला का दात खाल्ले? अर्ध्यावरून मला न्हाई सांगता आलं.

म्हणलो, "पवन्या, राग येऊन राह्यला का माझा?"

तो सावकाश बोलतो आता. शब्द एका बाजूनं येतात. "तूच सांग. तुला लई ओळखता येतं म्हणे. लिहून आलंय."

मी बघत राह्यलो. त्यानं तोंड फिरवलं न्हाई. बघू दिलं मला. तेवढं त्यानं का बघू दिलं, कोणास ठाऊक.

"न्हाई ओळखता येत," म्हणलो. "तवा बी न्हाई आलं. तू भ्याला होता, मला न्हाई कळलं."

 मंग म्हणला, "मला बी न्हाई कळत आता. आरशात."

त्याचे वडील आले, मधी उभे राह्यले, त्याला घेऊन गेले. जाताना पवननं रुमाल काढला अन् डावा डोळा पुसला. तो डोळा मिटत न्हाई म्हणून त्यातून पाणी येतं म्हणे, का रडून राह्यला होता, इचारायचं राह्यलं.